देवडीवरचा पहारा

पूर्वीच्या वाड्यांना दिंडीदरवाजा असे. दरवाजाच्या आत दोन्ही अंगांना देवड्या असत, आणि तेथे बसणारा पहारेकरी आल्यागेल्याची विचारपूस करी. कोण आले, कोणाकडे आले, काय घेऊन आले, हे कळल्यावाचून परक्याचे पाऊल चौकात पडत नसे. आज वाडे गेले, देवड्याही गेल्या. सदनिकेच्या दाराला कुलूप आणि साखळी तेवढी उरली. परंतु या सदनिकेला आता दुसरे एक दार फुटले आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, त्याला बिजागरी नाही, कडी नाही, आणि ते रात्रंदिवस उघडे असते. इंटरनेटची तार जेथे घरात शिरते, ते हे दार होय.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेटची सेवा सुरू झाली. त्या काळी घरातील एकुलता एक संगणक दूरध्वनीच्या तारेवरून घटकाभर जगाशी बोले आणि काम आटोपले की जोडणी तोडली जाई. आज घरातील प्रत्येकाच्या हातात फोन आहे, भिंतीवर दूरचित्रवाणी संच आहे, दाराशी कॅमेरा आहे. आणि ही सारी उपकरणे अहोरात्र जगाशी जोडलेली असतात. या सर्वांच्या आणि बाहेरच्या जगाच्या मध्ये एक लहानशी पेटी उभी असते. तिला आपण राउटर म्हणतो. बहुधा ती कंपनीचा माणूस लावून जातो, तिच्यावरचे हिरवे दिवे लुकलुकू लागले की आपले समाधान होते, आणि पुढे वर्षानुवर्षे तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. देवडीवर कोण बसला आहे, तो जागा आहे की झोपला आहे, आणि त्याच्या कमरेच्या किल्ल्यांची दुसरी जोडी कोणाकडे आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. या देवडीवर आपल्या विश्वासाचा पहारेकरी आपणच कसा बसवावा, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम या पहारेकऱ्याचे काम काय ते पाहू. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता असतो. जुन्या पद्धतीचा पत्ता बत्तीस द्विमान अंकांचा. त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते निघतात. पृथ्वीवरील माणसांच्या संख्येपेक्षाही ही संख्या अपुरी. तिच्या जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. ही टंचाई जाणत्यांना बरीच आधी दिसली होती. म्हणून १९९४ च्या सुमारास एक युक्ती निघाली: घरातील यंत्रांना घरापुरतेच पत्ते द्यावेत, आणि बाहेर मात्र सर्व घराचा मिळून एकच पत्ता असावा. आपल्या फोनच्या पत्त्याची सुरुवात १९२.१६८ या अंकांनी झालेली पुष्कळांनी पाहिली असेल. तो असा घरगुती पत्ता होय. लाखो घरांत तेच अंक सुखाने नांदतात, कारण उंबरठ्याबाहेर त्यांना काहीच अर्थ नसतो.

मग बाहेरून आलेले उत्तर घरातील नेमक्या यंत्राकडे कसे पोहोचते? ज्यांनी सरकारी कचेरीत उमेदवारी केली आहे, त्यांना हे समजावयास अडचण पडू नये. कचेरीत आवकजावक नोंदवही असते. पत्र बाहेर जाताना त्यावर जावक क्रमांक पडतो, आणि उत्तरात त्या क्रमांकाचा संदर्भ आला की आवक कारकून ते पत्र योग्य मेजावर पोहोचवितो. राउटर नेमके हेच करतो. आतून निघालेल्या प्रत्येक मागणीची तो नोंद ठेवतो. त्या नोंदीला जुळणारे उत्तर आले तर आत सोडतो. ज्याला कोणताही संदर्भ नाही, जे कोणी मागविलेलेच नाही, असे टपाल दारात आले तर ते परत पाठवावे, किंवा उत्तरही न देता टाकून द्यावे, हा शहाण्या पहारेकऱ्याचा पहिला नियम. या व्यवस्थेला फायरवॉल असे म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. घरगुती पत्ते बाहेर दिसत नाहीत, म्हणून आपण सुरक्षित आहोत, असे अनेक जण मानतात. पत्ते झाकले जाणे हा टंचाईवरील तोडग्याचा आनुषंगिक परिणाम आहे. तो पहारा नव्हे. आता जे नवे पत्ते प्रचारात आले आहेत, ते एकशे अठ्ठावीस द्विमान अंकांचे आहेत आणि त्यांचा तुटवडा नाही. या पद्धतीत घरातील प्रत्येक यंत्राला जगभर ओळखला जाईल असा स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. आपल्या देशातील मोठ्या कंपन्या असे पत्ते आज देत आहेत. तेथे पडदा उरत नाही. उरतो तो पहारेकरीच. तो जागा नसेल तर प्रत्येक खोलीचे दार थेट रस्त्यावर उघडले, असे समजावे.

पहारा ढिला राहिल्यास काय होते, याचा धडा २०१६ साली साऱ्या जगाला मिळाला. मिराई नावाचा एक घातक प्रोग्रॅम त्या वर्षी पसरला. मिराई म्हणजे जपानी भाषेत भविष्यकाळ. या प्रोग्रॅमात कोणतीही अद्भुत विद्या नव्हती. कारखान्यातून निघताना कॅमेरे, चित्रमुद्रण यंत्रे आणि राउटर यांना जे ठरीव नाव आणि परवलीचा शब्द दिलेला असतो, तशा साठाहून अधिक जोड्यांची एक यादी त्याच्यापाशी होती. इंटरनेटवर दारोदार फिरून तो एकेक किल्ली लावून पाही. मालकाने कुलूप बदललेले नसले की यंत्र त्याचे झाले. अशा लाखो यंत्रांची फौज उभी राहिली, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी तिने अमेरिकेतील डिन या कंपनीवर हल्ला चढविला. संकेतस्थळांची नावे त्यांच्या अंकी पत्त्यांशी जुळवून देण्याचे काम ही कंपनी करीत असे. तिचे काम खोळंबताच ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी मोठमोठी स्थळे काही तास अनेकांना दिसेनाशी झाली. पुढे २०१७ च्या डिसेंबरात मिराई तयार करणाऱ्या तरुणांनी अमेरिकेतील न्यायालयात गुन्हा कबूल केला.

या घटनेतील मर्म असे की, ज्यांच्या घरातील कॅमेरे त्या फौजेत सामील झाले, त्या गृहस्थांना बहुधा त्याचा पत्ताही नव्हता. त्यांचे चित्र नेहमीसारखे दिसत होते, दिवे नेहमीसारखे लुकलुकत होते. आपले दार उघडे टाकणारा माणूस केवळ आपलेच नुकसान करतो असे नाही. त्याच्या दारातून शिरून चोर शेजाऱ्याच्या भिंतीला भोक पाडतो. म्हणून घराच्या या दाराचा बंदोबस्त ही नागरिक म्हणून आपल्यावर असलेली जबाबदारी आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती उपकरणांना सरसकट एकच परवलीचा शब्द देऊन ती विकण्यास कायद्याने बंदी झाली. तथापि कायदा दाराशी बसून पहारा करीत नाही. तो आपणच करावा लागतो.

तो करण्याचे साधन आज स्वस्त झाले आहे. इंग्लंडातील केंब्रिज येथे एबेन अप्टन आणि त्यांचे सहकारी यांना असे दिसून आले की, विद्यापीठात संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या मुलांना संगणक वापरता येतो, पण त्याच्या अंतरंगाशी त्यांची ओळख नसते. मुलांनी निर्धास्तपणे हाताळावा असा स्वस्त संगणक त्यांनी योजिला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीस आला. त्याचे नाव रास्पबेरी पाय. एकाच सर्किट बोर्डावर सारा संगणक. आकार खिशात मावणाऱ्या बँकेच्या कार्डाएवढा. २०१९ साली निघालेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत तारेच्या जाळ्यासाठी पूर्ण वेगाचे बंदर आणि जलद यूएसबी जोडण्या आल्या, आणि मुलांचे हे खेळणे देवडीवर बसण्यास लायक झाले.

यंत्र झाले; आता त्यात घालावयाची प्रणाली. तिची कथाही बोधप्रद आहे. लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी ५४ जी हा घरगुती राउटर बाजारात येऊन फार दिवस झाले नव्हते, तोच त्याच्या पोटात लिनक्स ही खुली प्रणाली असल्याचे अभ्यासकांच्या ध्यानात आले. लिनक्सचा परवाना असा आहे की, ती वापरून केलेले यंत्र जो विकेल, त्याने त्या प्रणालीची मूळ संहिता मागणाऱ्यास द्यावी. २००३ साली कंपनीने ती प्रसिद्ध केली. तिच्या आधारे २००४ मध्ये काही जाणकारांनी जे काम सुरू केले, त्याचे नाव ओपनडब्ल्यूआरटी. जगभरच्या स्वयंसेवकांनी जोपासलेली ही प्रणाली आज शेकडो प्रकारच्या यंत्रांवर चालते, रास्पबेरी पायवरही चालते, आणि तिला मूल्य पडत नाही. तिची संहिता कोणालाही वाचता येते. ज्या पहारेकऱ्याची कुळकथा उघड आहे, त्याच्यावर विश्वास ठेवणे सोपे जाते.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. साहित्य थोडे लागते: चौथ्या किंवा पुढच्या आवृत्तीचा रास्पबेरी पाय, त्याला पुरेसा वीजपुरवठा करणारा अडॅप्टर, एक मायक्रो एसडी कार्ड, आणि यूएसबीला लावावयाची तारजोडणीची एक जादा खुंटी. ही खुंटी का, तर पायवर तारेचे बंदर एकच आहे, आणि पहारेकऱ्याला दोन तोंडे हवीत: एक रस्त्याकडे, एक चौकाकडे. पायचे स्वतःचे बंदर आतल्या बाजूस ठेवावे आणि यूएसबीची खुंटी बाहेरच्या बाजूस लावावी, हे सोयीचे पडते. खुंटी विकत घेण्यापूर्वी तिच्यातील चिपसाठी ओपनडब्ल्यूआरटीत ड्रायव्हर उपलब्ध आहे की नाही ते पाहावे, आणि प्रणाली उतरवून घेतानाच तो तिच्यात समाविष्ट करून घ्यावा. नाही तर बाहेर पडण्याचा रस्ता तयार करण्यासाठी आधी बाहेर जावे लागेल, असा पेच पडतो.

प्रणाली तिच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तिच्याबरोबर दिलेली अंकमुद्रा ताडून पाहावी. खलित्यावरची मोहोर अभंग आहे की नाही हे पाहण्यासारखेच हे आहे. एक अक्षर बदललेले असले तरी मुद्रा जुळत नाही. मग ती कार्डावर उतरवून, बाहेरची तार न जोडताच, केवळ आपला संगणक जोडून यंत्र सुरू करावे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता घातला की व्यवस्थापनाचे पान उघडते. या क्षणी यंत्राला परवलीचा शब्द नसतो. तो देणे हे पहिले काम. तो लांब असावा आणि अन्यत्र कोठेही वापरलेला नसावा. तो दिल्यावरच बाहेरची तार लावावी. हा क्रम उलटू नये. पहारेकऱ्याला हत्यार दिल्यावर दरवाजा उघडावयाचा असतो.

येथे एक व्यावहारिक अडचण येते. कंपनीने बसविलेली पेटीदेखील पुष्कळदा १९२.१६८.१.१ हेच अंक वापरते, आणि एकाच पत्त्यावर दोघे बसले की वाहतूक खोळंबते. म्हणून आपल्या यंत्राच्या आतल्या बाजूचा पत्ता बदलून, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.१ असा करावा. कंपनीला विनंती करून तिची पेटी केवळ पुलाप्रमाणे ठेवता आली तर उत्तमच. मग कंपनीने दिलेले खात्याचे नाव आणि परवलीचा शब्द आपल्या यंत्रात घालावयाचा. तसे न झाले तरी काम अडत नाही. एका देवडीमागे दुसरी देवडी बसते एवढेच. भरवसा मात्र आतल्या देवडीवर ठेवावयाचा.

बिनतारी जाळ्याच्या बाबतीत पायचा आवाका लहान आहे. दोन भिंतींपलीकडे त्याचा आवाज क्षीण होतो. यास्तव घरातील जुन्या राउटरमधील पत्तेवाटपाचे काम बंद करून त्याला केवळ बिनतारी प्रक्षेपणापुरता राबवावा. पायचे स्वतःचे क्षीण जाळे पाहुण्यांसाठी आणि कॅमेरा, दूरचित्रवाणी यांसारख्या उपकरणांसाठी वेगळे ठेवावे. हे वेगळेपण फार महत्त्वाचे आहे. वाड्यात ओसरी, माजघर आणि देवघर वेगवेगळी असत; ओसरीवर बसलेला पाहुणा माजघरात जात नसे. त्याचप्रमाणे प्रणालीत पाहुण्यांचा एक विभाग आखावा. त्याला बाहेरच्या जगाकडे जाण्याची मुभा असावी; घरातील संगणकांकडे आणि खुद्द पहारेकऱ्याच्या व्यवस्थापनाकडे जाण्याची नसावी. मग स्वस्तातला एखादा कॅमेरा फितूर झाला, तरी तो आपल्या कागदपत्रांपर्यंत पोहोचत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांच्या बांधणीविषयी जे विवेचन आहे, ते या संदर्भात मला फार मोलाचे वाटते. किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा दोष, म्हणून अधिक दरवाजे आणि चोरदिंड्या कराव्यात. परंतु नित्याच्या राबत्यास लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असा त्याचा आशय आहे. संगणकाच्या पहाऱ्याचे सारे शास्त्र या आशयात आले. जी सेवा वापरावयाची नाही ती बंद करावी. व्यवस्थापनाचे पान बाहेरून कधीही उघडू नये. घरातील एखाद्या प्रोग्रॅमने सांगताच दरवाजा आपोआप उघडून देण्याची सोय अनेक राउटरांत असते. ओपनडब्ल्यूआरटीत ती मुळात नसते, आणि फार गरज नसेल तर ती घालूही नये. नोकराच्या सांगण्यावरून महाद्वार उघडण्याची परवानगी कोणता किल्लेदार देईल?

आणि चोरदिंडी? तीही येथे आहे. प्रवासात असताना घरातील कागदपत्रांपर्यंत पोहोचावयाचे असेल तर वायरगार्ड नावाची व्यवस्था बसविता येते. मार्च २०२० मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. ज्याच्यापाशी आपण दिलेली गुप्त किल्ली आहे त्यालाच ती दाद देते. इतर कोणी थाप मारली तर आत माणूस आहे असेही कळू देत नाही. मात्र कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असेल, तर जुन्या पद्धतीच्या पत्त्यावरून ही दिंडी बाहेरून सापडत नाही, हे आधी तपासून घ्यावे.

पहारेकरी नेमला म्हणजे मालकाची जबाबदारी संपली असे नाही. प्रणालीत नवे दोष सापडतात आणि त्यांवरील दुरुस्त्या निघतात. महिन्यातून एकदा त्या पाहण्याचा नेम ठेवावा. वीज अवेळी गेल्यास कार्ड बिघडू शकते. म्हणून मांडणीची नक्कल दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवावी आणि दुसरे एक कार्ड तयार असू द्यावे. सर्वांत मुख्य म्हणजे, काय केले आणि कसे केले, ते वहीत मराठीत लिहून ठेवावे. ज्या यंत्राचे मर्म घरातील एकाच माणसाला ठाऊक असते, ते त्या माणसाच्या आजारपणात किंवा बदलीत घरावर ओझे होऊन बसते. कचेरीत एका कारकुनाच्या डोक्यात राहिलेल्या माहितीपायी किती प्रकरणे अडतात, हे आम्हा मंडळींना सांगावयास नको.

या पहाऱ्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करून कोणी फोनवर धमकावले आणि आपणच आपल्या हाताने त्याला पैसे पाठविले, तर कोणताही राउटर आपल्याला वाचवू शकत नाही. आतून उघडलेल्या दाराला पहारेकरी काय करणार? तेथे विवेक हाच पहारा.

आणखी एक प्रश्न राहतो, आणि माझ्या मते तो सर्वांत नाजूक आहे. या यंत्राचा कारभार ज्याच्या हाती, त्याला घरातील कोण केव्हा कोणत्या स्थळाकडे गेले याची नोंद ठेवता येते. मुलगा काय शोधतो, पत्नी कोणत्या डॉक्टरांची माहिती वाचते, म्हातारे वडील मध्यरात्री काय पाहत बसतात, हे सारे गृहप्रमुखाला जाणता येईल. बाहेरच्यांची नजर चुकविण्यासाठी आपण भिंत उभारली, आणि आत स्वतःच झरोक्याला डोळा लावून बसलो, तर त्या भिंतीचा उपयोग काय? लहान मुलांसाठी काही स्थळे बंद ठेवणे योग्य आहे. ती का बंद ठेवली हे त्यांना सांगून करावे. यंत्रात बिघाड झाला तर त्याच्या शोधापुरती नोंद पाहावी आणि पुसून टाकावी. एरवी ती ठेवूच नये. दुसऱ्याचे पत्र फोडू नये हा संस्कार आपल्या आईवडिलांनी आपल्याला दिला, तेव्हा पत्र कागदाचे होते. आज ते प्रकाशाच्या तारेवरून येते, म्हणून संस्कार बदलण्याचे कारण नाही.

श्रोतेहो, आपले बोलणे, आपला व्यवहार, आपली दुखणी आणि आपल्या आवडीनिवडी आता त्या एका दारातून येजा करतात. त्या दाराची किल्ली आपल्या हाती असावी, आणि ती वापरताना घरच्यांचाही मान राखला जावा, एवढेच मागणे आहे. थोडे पैसे, रविवारची एखादी दुपार आणि शिकण्याची तयारी, यापलीकडे त्याला फारसे काही लागत नाही. घरात एखादी शाळकरी मुलगी किंवा मुलगा असेल तर त्याला शेजारी घेऊन बसावे. ज्यांच्यासाठी हा इवलासा संगणक मुळात निर्माण झाला, त्यांच्या हातून घराची देवडी उभी राहावी, यापरते त्याचे दुसरे सार्थक कोणते?